साखरेच्या थराची जाडी

४ सप्टेंबर

ती. आत्यास,
कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोनवर तुझं आणि माझं जे चालतं त्याला बोलणं म्हणणं म्हणजे बोलण्याचा अपमान आहे. मी ओरडते, तू दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देतेस आणि शेवटी दोघी दमून फोन ठेवतो. तेव्हा यापुढे पत्रंच, हा तुझा हुकूम मला मंजूर आहे. बाबा हसतात. हसू देत.

पीएचडीच्या नावाखाली मी इतकी वर्षं नक्की करते काय, ते शेजारणीला एका वाक्यात सांगता येईल असं लिही, असं तू म्हणतेस. एका वाक्यात बसणार नाही, थोडी जास्त घे. आपल्या अंगातली पेशी उघडीवाघडी नसते. तिच्यावर साखरेच्या अतिसूक्ष्म धाग्यांचा थर असतो, गालिच्यावर लव असते तसा. चहातली साखर नव्हे, तिच्या लांबच्या नात्यातली. या थराला एक लांबलचक नाव आहे, पण ते लिहिलं तर तू पत्र मिटून ठेवशील. हा थर किती जाड आहे आणि दाबला तर किती दबतो, हे मी मोजते. लेझरच्या प्रकाशात एक बारीकसा मणी चिमटीत धरल्यासारखा धरायचा, पेशीवर अलगद टेकवायचा आणि थर त्याला किती जोरानं मागे ढकलतो ते बघायचं. कर्करोगाच्या पेशींवर हा थर फार दाट असतो. शरीराच्या संरक्षक पेशींना त्यातून हात घालून त्यांना धरावं लागतं. तो हात पोचतो की नाही, एवढंच मला शोधायचं आहे.

आणि इथंच माझी झोप उडाली आहे. आमच्या मॅडमनी, म्हणजे माझ्या मार्गदर्शक बाईंनी, तरुणपणी हाच थर मोजला होता. त्यांचं म्हणणं असं की थर पातळ आहे, हात आरामात पोचतो. त्या एका आकड्यावर त्यांचं नाव झालं. पण त्यांनी मोजल्या त्या मेलेल्या पेशी, रसायनात घालून जागच्या जागी स्थिर केलेल्या. मी जिवंत पेशींवर मोजते, आणि माझा थर त्यांच्या कितीतरी पट जाड येतो. परत परत तेच येतं. म्हणजे हात पोचतच नाही, आणि मॅडमचा आकडा चूक.

नोव्हेंबरात त्यांचं मोठं व्याख्यान आहे, परगावच्या पाहुण्यांसमोर, त्याच आकड्यावर. मी अजून त्यांना काही बोललेले नाही. आणखी एकदा तपासून बघते, असं रोज स्वतःला सांगते. काय करू, लिही.

माया आहेच. सल्ला तेवढा जास्तीचा पाठव.

तुझीच,
भुंगा

---

१५ सप्टेंबर

चि. भुंग्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचलं, शेजारणीलाही वाचून दाखवलं. पेशींना साखर लागते म्हणजे आपण चहात घालतो ते बरोबरच, एवढाच अर्थ तिनं काढला आणि समाधानानं घरी गेली. मी दुरुस्त करायला गेले नाही. तुला पटणार नाही, पण माणसाला कधी कधी चुकीच्या उत्तरानंही बरं वाटतं.

तुझ्या मॅडमना मात्र असं बरं वाटू देऊ नकोस. पोहायला शिकायला येणारी मोठी माणसं काय करतात, मी जन्मभर बघत आले आहे. काठावर बसून पाय बुडवतात, काढतात, पुन्हा बुडवतात. मी त्यांना सांगते की पाणी गार आहे हे पायांना कळलेलं आहे, बाकीच्या अंगाला किती दिवस फसवणार? तुझं तपासणं आता पाय बुडवणं झालं आहे. व्याख्यान झाल्यावर सांगितलंस तर त्या बाई चारचौघांत चुकीचं बोलून बसतील, आणि तुला ते आधीपासून माहीत होतं हेही त्यांना कळेल. यातलं दुसरं त्यांना जास्त लागेल. तेव्हा ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. सरळ खोलीत जा, दार लावून घे आणि सांग. त्या रागावल्या तर रागावल्या. राग म्हणजे काही खोल पाणी नव्हे.

माझं बरं चाललं आहे. तलावावर सकाळची मंडळी नेहमीचीच. एक निवृत्त न्यायाधीश आले आहेत, ते पाण्याशीसुद्धा युक्तिवाद करतात. नवा व्यवस्थापक उगाच माझ्याभोवती घुटमळतो. वयानं लहान आहे, सुधारेल.

वहिनीला सांग की तिनं विणलेला स्वेटर मला घट्ट होतो, पण मी मापात कमी होणार नाही.

आशीर्वाद भरपूर आहेत, पुरवून वापरू नकोस.

आत्या

---

२ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं. गेले, दार लावलं आणि सांगितलं.

मॅडमच्या खोलीत खिडकीशी एक वाळकं रोप आहे, ते कोणी टाकत नाही आणि त्याला पाणीही घालत नाही. मी सगळा वेळ त्या रोपाकडे बघून बोलले. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. माझे आलेख पुढे ओढून घेतले, चष्मा पुसला आणि एकच गोष्ट विचारली: पेशी कोणत्या पाण्यात ठेवल्या होत्या?

आत्या, माझ्या पायाखालची जमीन सरकली. पेशींना शरीरातल्यासारखं खारट पाणी लागतं. पण तेवढ्या मिठात माझे मणी काचेला चिकटून बसायचे, म्हणून मी मीठ बरंच कमी केलं होतं आणि पेशी फुगू नयेत म्हणून त्याची भरपाई साखर घालून केली होती. पेशी मजेत होत्या, म्हणून मी पुढचा विचारच केला नाही. मॅडम म्हणाल्या की साखरेच्या त्या धाग्यांवर विद्युतभार असतो, ते एकमेकांना ढकलत असतात आणि मीठच त्यांना शांत ठेवतं. मीठ काढलं की धागे ताठ उभे राहतात, घाबरलेल्या मांजरानं अंग फुलवावं तसे. माझा थर जाड नव्हता, फुललेला होता. निदान काही प्रमाणात तरी. इतक्या महिन्यांच्या कामात मीच मिठाचा खडा टाकला होता, तोही न टाकून.

त्यांनी हे जिंकल्यासारखं सांगितलं असतं तर मला चिडता तरी आलं असतं. पण पुढे त्यांनीच सांगितलं की मेलेल्या पेशीवरचा थर दबून खाली बसतो हे त्यांना तेव्हाही ठाऊक होतं, फक्त तो थोडासाच बसत असेल असं त्या धरून चालल्या होत्या. धरून का चालल्या, हे आता आठवत नाही म्हणाल्या. शेवटी म्हणाल्या की सगळं पुन्हा मोजायचं, पुऱ्या मिठात, जिवंत पेशींवर, आणि यंत्रावर त्या स्वतः बसणार. त्यांनी यंत्राला हात लावल्याचं आमच्यापैकी कोणी पाहिलेलं नाही.

आता दुसरं. रविवारी बाबांशी बोलताना त्यांच्या तोंडून निसटलं. तलावावर खोल बाजूला एका गृहस्थांच्या नाकातोंडात पाणी गेलं, त्यांनी हाका मारल्या, तू काठावर त्यांच्याकडे पाठ करून उभी होतीस आणि वळलीच नाहीस. दुसऱ्या कोणीतरी उडी मारून त्यांना काढलं. बाबा म्हणतात, तुला डाव्या कानानं मुळीच ऐकू येत नाही आणि उजव्यानं जेमतेम, आणि तलावावर तू हे कोणालाही सांगितलेलं नाहीस.

मला वाटत होतं की दोष फोनचा आहे.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! आणि तू तर पाण्यात राहून कोरडी. मी तुझ्यावर भयंकर रागावले आहे. ते गृहस्थ वाचले, पुढचा वाचेलच असं नाही. तूही जा, दार लाव आणि सांग.

रागातही माया कमी झालेली नाही, हे माझं दुर्दैव.

भुंगा

---

११ ऑक्टोबर

चि. भुंग्यास,
आशीर्वाद.

पत्र वाचून आधी तुझ्या बापावर संतापले. लहानपणापासून त्याच्या पोटात काही राहत नाही. मग तुझ्यावर संतापले. मग दोन दिवस कोणावरच संतापता येईना, तेव्हा उठून तलावावर गेले.

त्या दिवशी मला खरंच काही ऐकू आलं नव्हतं. त्यांनी काय हाक मारली, माझं नाव घेतलं की नुसतेच ओरडले, हे मला आजही माहीत नाही. समोरच्या माणसांचे चेहरे बदलले म्हणून मी वळले, तोवर त्यांना काठावर आणलेलं होतं. पांढरेफटक पडले होते. मी त्यांची पाठ चोळत होते आणि ते माझ्याकडे बघून काहीतरी म्हणत होते, तेही मला कळलं नाही. मी मान हलवत राहिले. गेली दोन-तीन वर्षं मी अशीच मान हलवते आहे. माझी शिट्टी वाजते की नाही, हे मी पोहणाऱ्यांच्या माना वळतात त्यावरून ओळखायचे.

व्यवस्थापकाला सगळं सांगितलं. त्याला काही नवीन वाटलं नाही. तो इतके दिवस घुटमळत होता तो याचसाठी, मी आपणहून बोलेन म्हणून. सुधारायची गरज त्याला नव्हती, मला होती. काठावर उभं राहून लक्ष ठेवायचं काम यापुढे मला देता येणार नाही, असं तो म्हणाला. हे त्यानं एका कागदावर नीट अक्षरात लिहून दाखवलं, मला पुन्हा पुन्हा विचारावं लागू नये म्हणून. त्याच्या त्या शहाणपणानंच मला जास्त रडू आलं. शिट्टी त्याच्या टेबलावर ठेवली आणि बसनं घरी आले.

पुढं काय ते माहीत नाही. घर फार स्वच्छ झालं आहे. तू विचारायच्या आत सांगते, कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे.

तू म्हणालीस ते बरोबर होतं. म्हणालीस ती पद्धत मात्र आपल्या घराण्याचीच.

आत्या

---

२१ नोव्हेंबर

ती. आत्यास,
कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी पिशवीत घेऊन फिरत होते. उत्तर लिहायला बसले की शब्द साखरेत घोळल्यासारखे व्हायचे आणि तुला ते चालत नाही. म्हणून आधी काम संपवलं.

मॅडम यंत्रावर बसल्या. ती खोली म्हणजे चारी बाजूंनी काळे पडदे आणि हवेच्या उशांवर तरंगणारं टेबल, कारण बाहेर कोणी दार आपटलं तरी मणी थरथरतो. पहिल्या दिवशी त्यांच्या हातून मणी सारखा निसटला. त्या स्वतःला उद्देशून असं काही पुटपुटल्या की मी ऐकलंच नाही असं दाखवलं. मणी काचेला चिकटू नयेत म्हणून त्यांना एक बुळबुळीत लेप द्यायचा, ही युक्ती त्यांना सुचली आणि जमवली मी. मग पुऱ्या मिठात, जिवंत पेशींवर आम्ही आळीपाळीनं मोजत गेलो. एकीनं मोजलेलं दुसरीनं बघायचं नाही, असं ठरलं होतं.

शेवटी दोघींचे आलेख शेजारी ठेवले. थर माझ्या आकड्याच्या निम्म्याहून कमी जाड निघाला, आणि त्यांच्या आकड्याहून स्पष्टपणे जास्त. संरक्षक पेशीचा हात पोचतो, पण सहजी नाही. तिला थरात रेटून घुसावं लागतं. जी रेटत राहते तिला पकड मिळते, जी लवकर मागे फिरते तिला नाही. हे त्यांच्याही मनात नव्हतं आणि माझ्याही. मॅडमनी आलेखाकडे इतक्या प्रेमानं पाहिलं की मला क्षणभर त्या पंचवीस वर्षांच्या वाटल्या.

व्याख्यानात त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं की आपला जुना आकडा चुकला होता आणि का चुकला होता. ती चूक दाखवून देणारी मुलगीही चुकली होती, हेही सांगितलं आणि माझ्याकडे बोट केलं. सभागृह हसलं. मी कानापर्यंत लाल झाले, तरी मला बरं वाटलं. सगळेच हसले असं नाही. मॅडमच्या जुन्या आकड्यावर आपल्या संशोधनाची इमारत उभारलेले एक वयस्क प्राध्यापक नंतर वऱ्हांड्यात त्यांच्याशी फार कडवट बोलले आणि जेवायला न थांबता निघून गेले. ते मॅडमचे वर्गमित्र होते. त्या त्यांच्या मागे फाटकापर्यंत गेल्या आणि एकट्याच परत आल्या.

माझं निम्मं काम पुन्हा करावं लागणार, प्रबंध वर्षभर लांबला. बाबांना तूच सांग, तुझ्यापुढे त्यांचा आवाज चढत नाही.

तू कशी आहेस? खरं लिही.

जशी आहेस तशीच हवी आहेस.

भुंगा

---

६ डिसेंबर

चि. भुंग्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

दादाकडे जाऊन सांगितलं. त्यानं विचारलं की वर्षभरानं तरी नक्की का? मी म्हटलं, शास्त्रात नक्की असं काही नसतं, आणि चहा मागितला.

डॉक्टरांनी यंत्र दिलं आहे. उजव्या कानाला उपयोग होतो, डाव्याची आशा सोडा म्हणाले. पहिल्या दिवशी घरातला नळ इतका बोलतो हे कळून मला धक्का बसला. पाण्यात उतरताना मात्र ते काढून ठेवावं लागतं.

हो, पाण्यात. व्यवस्थापक घरी आला होता. काठावरचं काम नाही, पण उथळ बाजूला अगदी नवख्या माणसांना एका वेळी एकच असं शिकवाल का, काठावर दुसरा शिक्षक कायम उभा असेल, असं त्यानं विचारलं. पुन्हा लिहूनच विचारलं. इतकी वर्षं खोल पाण्यात शिकवून आता गुडघाभर पाण्यात उभं राहायचं, हे मला आधी कमीपणाचं वाटलं. मग वाटलं, घर आणखी किती स्वच्छ करणार?

सध्या माझ्याकडे एक शिंपीणबाई येतात. साठी उलटलेली, उभ्या जन्मात नळाखालच्या बादलीपलीकडे पाणी पाहिलेलं नाही. उताणं तरंगायला शिकवताना मी त्यांच्या पाठीखाली तळहात धरते. त्या माझं मनगट असं आवळतात की घरी जाईपर्यंत वळ राहतात. पण मला काही ऐकावं लागत नाही. भीती वाटली की पाठ आधी ताठ होते, तोंड नंतर उघडतं. हाताला सगळं आधी कळतं.

आज सकाळी त्यांनी मनगट सोडलं. मी सांगितलं नव्हतं. पाठ सैल झाली, माझ्या तळहातावरचं ओझं हलकं होत होत नाहीसं झालं, आणि मी हात खाली घेतला तरी त्या तशाच होत्या, छताकडे बघत. ओठ हलत होते. काय म्हणत होत्या ते मी विचारलं नाही.

तुझ्यावर जीव आहे, हे लिहून देते.

आत्या