एरंडोलच्या रिकाम्या चौकटी

प्रिय अक्का,

तुमचा अख्खा प्रबंध मी टाइप केला, पण तुम्हाला स्वतःहून दोन ओळी कधी लिहिल्या नाहीत. आज लिहितोय, कारण काल त्या प्रबंधात माझी एक चूक सापडली आणि ती ऐकायला तुम्ही नाहीत.

धुळ्याचे तुमचे मार्गदर्शक सर म्हणाले होते, अक्कांची एक प्रत विभागाच्या कपाटात ठेवू, संशोधनाला नवीन येणारे बघतील. बाइंडिंगआधी एकदा ताडून घ्यावं म्हणून मी धरणगावला तुमच्या घरी गेलो. तुमच्या यजमानांनी, नानांनी, कपाटातून तुमच्या प्रश्नावल्यांचा गठ्ठा काढून दिला. "ती गेल्यापासून मी याला हात लावला नाही," म्हणाले. "यातलं तुलाच कळतं, बाबा."

मला खरंच कळतं का, अक्का? मी बारावीला इंग्रजीतच नापास झालो आणि शिक्षण तिथंच सुटलं. जळगावच्या दुकानात इंग्रजी प्रबंध टाइप करतो, स्पेलिंग चुकू देत नाही, पण अर्थ निम्माच लागतो.

इंग्रजीच्या अध्यापनावर पीएच.डी. करणारे किती जण आमच्याकडे येतात! मला त्यांची कीव येते. दिवसभर तास, प्रवेशाची कामं, निवडणूक लागली की ड्युटी, आणि त्यातून उरलेल्या वेळात संशोधन. मग जुना प्रबंध पुढे ठेवून म्हणतात, "निलेश, हाच साचा घे, फक्त तालुका बदल." विद्यार्थ्यांनी प्रश्नावलीत चौकट रिकामी सोडली असेल, तर ती 'सहमत' धरून भरायची, ही आमच्या दुकानाची रीत. तक्ता भरलेला दिसला की सगळेच सुटतात. तुमच्या कागदांनाही मी तीच रीत लावली होती. विचारलंसुद्धा नाही.

तुम्ही तक्ता बघितलात आणि चष्मा काढलात.

"एवढ्या पोरी म्हणतात, वर्गात इंग्रजी बोलायची भीती वाटत नाही? अरे, मी महिनोन्‌महिने त्यांच्या वर्गात मागं बसले. एकीनं तोंड उघडलं नाही."

"अक्का, रिकाम्या होत्या त्या मी भरल्या. सगळ्यांच्याच भरतो."

मला वाटलं, आता कागद तोंडावर येणार. तुम्ही स्टूल ओढून शेजारी बसलात.

"बारावीत सरांनी इंग्रजीत काही विचारलं की तू काय करायचास?"

"खाली बघायचो."

"आणि तेव्हा तुझ्या नावापुढं कोणी 'सहमत' लिहिलं असतं तर?"

मी तेव्हाही खालीच बघत होतो.

नंतर कित्येक दुपारी आपण एकेक कागद काढून त्या चौकटी पुन्हा रिकाम्या केल्या. तुमच्या निष्कर्षात, तुम्ही तपासत होतात ती नवीन अध्यापन पद्धत उपयोगी ठरली नाही, पोरी गप्पच राहिल्या, असं आलं. सर काळजीत पडले, परीक्षक काय म्हणतील? तुम्ही म्हणालात, "सर, गप्प राहिल्या हेच तर मला सापडलं." त्यांनी मान्य केलं. मनानं चांगला माणूस आहे.

पण अक्का, एवढी घाई का चाललीय, हे मला का नाही सांगितलंत? दवाखान्यातून फोन करत होतात आणि मी समजत होतो, घरून बोलताय. शेवटच्या फोनवर, सगळं नीट झालंय ना म्हणून विचारलंत, "बठ्ठं बराबर शे ना रे?"

मी म्हणालो, "बराबर शे, अक्का."

बरोबर नव्हतं. एरंडोलच्या शाळेचा तक्ता वेगळ्या फाइलमध्ये होता, तो तसाच राहिला. चौदा चौकटींत माझं 'सहमत' आहे. तुम्ही प्रबंध विद्यापीठात दिलात, तोंडी परीक्षेआधीच गेलात, आणि एरंडोलच्या त्या पोरी इंग्रजी बोलायला घाबरत नाहीत असं तुमच्या नावावर छापलं गेलं.

दुकानाचे मालक म्हणाले, "बाई गेल्या. आता कोण ताडून बघतंय? कर बाइंडिंग." गप्प बसता आलं असतं. पण ती प्रत कपाटात गेली, की पुढचा कोणी तिचाच साचा घेईल. फक्त तालुका बदलेल.

आज सकाळी सरांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "विद्यापीठातल्या प्रतीत एक आणि कपाटातल्या प्रतीत दुसरंच, असं झालं तर उत्तर मला द्यावं लागेल." शेवटी म्हणाले, "कागद घेऊन ये. बघू."

तुमचा मजकूर मी बदललेला नाही. तो माझा नाही. वेगळ्या कागदावर एक शुद्धिपत्र केलंय, शब्दकोश जवळ घेऊन, इंग्रजीत. त्या चौदा जागा कोऱ्या होत्या, त्या अक्कांनी नव्हे, टंकलेखकानं भरल्या, एवढंच त्यात आहे. खाली माझं नाव आणि सही. सरांनी होकार दिला, तर त्या तक्त्यासमोर चिकटवीन आणि मगच बाइंडिंगला घेईन.

उद्या सकाळच्या बसनं धुळ्याला निघतो. सर चिडले तर? मालकांनी कामावरून काढलं तर? भीती वाटतेय, खोटं कशाला सांगू? पण अक्का, उद्या सर जे विचारतील त्याचं उत्तर देईन. खाली बघणार नाही.

तुमच्या शुद्धिपत्राखाली ज्याची सही आहे, तो
निलेश