मतपत्रिकेवरचा बेडक्या

सान्ता उर्सुला,
२६ मार्च १९९५

चि. पेतांग हिस,
वहिनीचे अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

तुझं पार्सल पोचलं. साबण अख्खे आले, चॉकलेटं मात्र वितळून एकजीव झाली होती. शेजारच्या पोरांनी ती कागदासकट चाटली आणि हाँगकाँगवाल्या आत्याला दीर्घायुष्य चिंतलं.

आता बस खाली, मग पुढचं वाच. तुझे दादा नगराध्यक्षपदाला उभे राहिले आहेत! सरकारी हेडमास्तराला नोकरीत राहून निवडणूक लढवता येत नाही, म्हणून राजीनामासुद्धा देऊन मोकळे झाले. पडले तर शाळेत परत घेतील का, हे विचारलं तर म्हणतात, की पडण्याचा प्रश्नच कुठे येतो, अर्धं गाव माझ्या हाताखालून गेलंय. मी मनात म्हटलं, हाताखालून म्हणजे छडीखालून. बाजारात दर पावसाळ्यात गुडघाभर पाणी साचतं, त्यासाठी ह्यांनी गटाराचा नकाशा काढलाय. इतका सुंदर, की भिंतीवर लावावा.

आणि समोर कोण उभा आहे, तर ओम्पोंग काल्देरो! हो, तोच सिनेमातला, डोक्यावर भाताचं पातेलं घालून मार खाणारा. त्याची आई म्हणे आपल्या गावची. तो मनिलाहून ट्रक भरून माणसं घेऊन आलाय आणि खरोखर पातेलं घालून हिंडतोय.

अर्ज भरताना एक गंमत झाली. टोपणनावाचा रकाना होता. मी आपलं म्हटलं, की बेडक्या लिहा, गावाला दुसरं नाव ठाऊकच नाही. ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी कॉफी आणायच्या निमित्ताने उठले. पंचवीस वर्षं हेडमास्तरकी केली ती बेडूक म्हणवून घ्यायला नाही, म्हणाले, आणि रकान्यात ठळक अक्षरांत ‘नाही’ असं लिहिलं.

तुझी प्रार्थना चालू ठेव. माया आहे ती तशीच असू दे.
तुझी,
लिओनोर वहिनी


हाँगकाँग,
९ एप्रिल १९९५

ती. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून मी रस्त्यातच हसत सुटले, आणि मालकिणीच्या कुत्र्याने माझ्याकडे फार काळजीने बघितलं. दादा नगराध्यक्ष! ज्या माणसाच्या नाकावर माशी बसायला घाबरते, तो मतं मागणार?

टोपणनावाचं वाचून मात्र जीव चुटपुटला. वहिनी, तू तर होतीस त्या दिवशी. मी सहा वर्षांची, तू पलीकडच्या रांगेत. बिशप आले होते, सगळी पोरं पांढऱ्या कपड्यांत गुडघे टेकून. दादा भाताच्या खाचरातून पळत उशिरा आला, बिशपच्या अंगठीचं चुंबन घ्यायला वाकला आणि खिशातून तो भला मोठा बेडूक उडाला तो थेट बिशपच्या मांडीवर! बिशप किंचाळले, पाद्रीबाबा धावले, आणि दादा काय करतोय, तर बेडकाला लागलं का ते बघतोय. गाव आजही ती गोष्ट सांगतं ती चेष्टा म्हणून नव्हे गं. त्याला कोण समजावणार?

इथे रविवारी सुट्टीला आपल्याकडच्या आम्ही सगळ्या मोलकरणी चौकात पुठ्ठे पसरून बसतो. परवा निवडणुकीचा विषय निघाला, तर एकूण एक बाई काल्देरोच्या बाजूची! मी भांडले. म्हटलं, अगं तो विदूषक आहे, त्याला नगरपालिका कशाशी खातात ते माहीत आहे का? तर आमची रोसेंदा म्हणाली, की सगळे चोरच, बाई, दगडापेक्षा वीट मऊ. बाकीचे गंभीर तोंड करून लुटतात, हा निदान हसवून लुटेल. दुसरी म्हणाली, की गंभीर चेहऱ्याचा माणूस दिसला की तिला पगार कापणारी मालकीणच आठवते. आणि काल्देरो दिसला, की स्वतःचा बाप आठवतो, रिकामं पातेलं वाजवून पोरांना हसवणारा. मीही हसले, आणि मग थोडी रडले.

वहिनी, खरं सांग हं, तू कुणाला मत देणार? काल्देरोच्या सिनेमाला तू मला दोनदा नेलं होतंस, मी विसरलेले नाही.

दादाला नमस्कार. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी धाकटी नणंद,
पेतांग


सान्ता उर्सुला,
२४ एप्रिल १९९५

चि. पेतांग हिस,
अ. उ. आ.

कुणाला मत देणार ते मी कुणालाच सांगत नाहीये. देवाला, नवऱ्याला आणि नणंदेला तर मुळीच नाही!

प्रचाराची कहाणी ऐक. चर्चसमोर मी तांदळाच्या गोड बिबिंका भाजते त्या दुकानात सगळं गाव येतं, तेव्हा मला घरबसल्या कळतं. बास्यांग मासेवालीचा नवरा वारला, तर दोन्ही उमेदवार तिच्याकडे प्रेताच्या जागरणाला गेले. तुझ्या दादांनी तिचं सांत्वन केलं आणि लगेच गटाराचा नकाशा उलगडला. प्रेताच्या पायथ्याशी! म्हणाले, की या उतारामुळे तुमच्या अंगणातलं पाणी समुद्राला जाईल. बास्यांगने मान डोलवली, बिचारी. मग काल्देरो आला. त्याने पातेलं डोक्यावरून काढून शवपेटीखाली ठेवलं, जागरणाच्या रिवाजाप्रमाणे लोकांबरोबर पत्ते खेळला, हरला, आणि मग कोपऱ्यात जाऊन हमसून हमसून रडला. खरं की खोटं, देव जाणे. बास्यांग म्हणते, की खोटं असलं तरी माझ्या नवऱ्यासाठी कुणीतरी एवढे कष्ट घेतले ना?

गिऱ्हाइकं माझ्यासमोर ओशाळतात. बिबिंका खाताना सांगतात, की हेडमास्तर सोन्यासारखा माणूस, पण त्यांच्यासमोर उभं राहिलं की पाढे चुकल्यासारखं वाटतं. एक जण म्हणाला, की काल्देरोवर विश्वास नाही हे खरं, पण विश्वास कुणावर आहे? ज्याच्यावर नाहीच ठेवायचा, त्याच्याबरोबर निदान हसता तरी यावं. मी त्याला जळकी बिबिंका वाढली. त्याने तीसुद्धा खाल्ली.

आता माझ्या पापाची गोष्ट. परवा काल्देरो दुकानात आला. बिबिंका खाल्ली, मग माझं चुलीवरचं गरम झाकण उचलून डोक्यावर ठेवायला गेला, चटका बसला आणि त्याने जी उडी मारली! पेतांग, मी पोट धरून हसले, डोळ्यांतून पाणी आलं. नेमके त्याच वेळी हे नकाशाची गुंडाळी घेऊन समोरून जात होते. थांबले, बघितलं आणि पुढे गेले.

जेवण झाल्यावर हात धुताना म्हणाले, की घरचीच माणसं तिकडे हसायला लागली, तर गावाला काय बोल लावायचा. मला फार वाईट वाटलं गं. मी म्हटलं, तुम्ही एकदा हसवून बघा, लोक तुमच्यावर जीव टाकतील. तर म्हणाले, की लोकांनी माझ्यावर हसावं म्हणून मी नोकरी सोडलेली नाही. ते मतांचं विचारत नाहीत आणि मी सांगत नाही. पडलेल्या दाताच्या जागी जीभ सारखी जावी, तसं दोघांचं चाललंय.

तुझ्याशी बोलून मन हलकं होतं. अशीच जवळ राहा, लांब असलीस तरी.
तुझी,
लिओनोर वहिनी


सान्ता उर्सुला,
११ मे १९९५

चि. पेतांग हिस,
अ. उ. आ.

हरलो. आधीच सांगून टाकते, म्हणजे तुझा जीव टांगणीला लागायला नको. पण पत्र पुरतं वाच, कारण मी हे हसत लिहितेय.

मतमोजणी ह्यांच्याच शाळेच्या वर्गांत होती. मास्तरीण एकेक मतपत्रिका उघडून नाव मोठ्याने वाचते आणि दुसरी फळ्यावर रेघ ओढते. पहिल्या खोलीत दुसरी-तिसरीच पत्रिका असेल, बाईंनी उघडली, थबकल्या आणि वाचलं, ‘बेडक्या’. लोक खो खो हसले. पुढच्या पत्रिकेतही बेडक्या. त्याच्या पुढच्या दोन सोडून पुन्हा बेडक्या! नाव हाताने लिहायचं असतं ना, मग लोकांच्या हाताला जे नाव ठाऊक तेच आलं.

काल्देरोचा वकील उठला. म्हणाला, की नियम असा, गावात टोपणनाव प्रसिद्ध असेल तर मत धरायचं, पण हेडमास्तरांनी स्वतःच्या सहीने लिहून दिलंय, की त्यांना टोपणनाव नाही. बाईंनी ह्यांना विचारलं, की सर, हा बेडक्या कोण? हे खिडकीबाहेर बघत म्हणाले, की मला माहीत नाही. झालं, सगळी मतं बाद. दुसऱ्या खोलीत तेच, तिसऱ्या खोलीत तेच. संत पीटरनेसुद्धा येशूला तीनदाच नाकारलं होतं! मी रागाने लालबुंद झाले होते, पण बाईमाणसाने तिथे काय बोलायचं?

दिवेलागणीला शेवटची खोली उरली, कोळीवाड्याची. वाचायला लिगाया होती, आठवते? ह्यांचीच विद्यार्थिनी, खोटं बोलल्याबद्दल ह्यांनी जिला बाकावर उभं केलं होतं ती. कोळ्यांनी तर जवळजवळ बेडक्याशिवाय काही लिहिलंच नव्हतं. लिगाया वाचतेय, बेडक्या, बेडक्या, बेडक्या, आणि आता कुणी हसत नव्हतं. शेवटी तिने पत्रिका खाली ठेवल्या. म्हणाली, की सर, खोटं बोलू नये हे मला तुम्हीच शिकवलंत. आता तुम्ही सांगा, बेडक्या कोण?

हे उभे राहिले. त्या पत्रिकांच्या ढिगाजवळ जाऊन त्यांनी एकेक अक्षर बघितलं. मग म्हणाले, की मी. वकील म्हणाला, पुरावा काय? आणि पेतांग, तुझे दादा, ज्यांची इस्त्री कधी मोडली नाही, ते भर वर्गात दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून खाली बसले आणि त्यांनी ‘डरांव’ केलं!

सगळी खोली डरांव डरांव करायला लागली. बास्यांग तर बाकावर चढली. वकीलसुद्धा हसत खाली बसला. त्या खोलीत हे काल्देरोच्या चौपट मतांनी पुढे गेले. पण आधीच्या तीन खोल्या गेल्या त्या गेल्याच.

तुझ्या दादांचं पत्र वेगळं येईल. माझा लोभ नेहमीचाच, आज जरा जास्त.
तुझी,
लिओनोर वहिनी


सान्ता उर्सुला,
२८ मे १९९५

चि. पेतांग,
आशीर्वाद.

वहिनीने तुला सर्व कळवलेच असेल, आणि तिखटमीठ लावून. तेव्हा मी फक्त तिच्याकडून राहिले असेल तेवढे लिहितो.

त्या शेवटच्या खोलीपर्यंत माझी अशी समजूत होती, की ते नाव लिहिणारे माझी टिंगल करीत आहेत. मग लिगायासमोरच्या पत्रिका पाहिल्या. कोळ्यांची अक्षरे मी ओळखतो, मीच गिरवून घेतली आहेत. जो माणूस वर्षात एकदा पेन्सिल धरतो, त्याने जीभ बाहेर काढून, एकेक अक्षर जोडून ते नाव लिहिले होते. टिंगल करायला कुणी एवढे कष्ट घेत नाही. लोक काल्देरोकडे का जातात, हे मी महिनाभर सभांतून विचारत होतो. तो स्वतःला त्यांच्या हाती देतो, वेडावाकडा, जसा आहे तसा. मी त्यांना फक्त नकाशा देत होतो.

निकालानंतर तो घरी आला. पातेले काखेत होते. म्हणाला, की हेडमास्तर, हे डरांव दोन महिने आधी केलं असतंत, तर मी मुकाट्याने मनिलाची गाडी पकडली असती. मग गटाराचा नकाशा मागितला. मी दिला. त्याने तो पातेल्यात ठेवून नेला. आता दर रविवारी तो समजून घ्यायला येतो. उतार म्हणजे काय हे त्याला अजून कळलेले नाही, पण प्रयत्न प्रामाणिक आहे. चर्चच्या शाळेने मला गणिताला बोलावले आहे, तेव्हा चुलीची काळजी नको. रस्त्यात पोरे डरांव करतात, मीही करतो. तीन वर्षांनी पुन्हा उभा राहीन आणि तो रकाना रिकामा ठेवणार नाही.

तुझ्या वहिनीने मत कुणाला दिले, हे मी विचारलेले नाही. काल्देरो दुकानात आला त्या दिवशी ती इतकी हसली होती, की विचारण्याची छाती होत नाही. काल्देरोला दिले असले तरी माझा राग नाही, असे तिला तू तुझ्या पत्रातून हळूच कळव.

आमच्यावर माया असू दे, आणि तब्येत सांभाळ.
तुझा दादा,
क्रिसान्तो मागबानुआ
ऊर्फ बेडक्या

ता. क. पेतांग, ह्यांनी पाकीट टपालात टाकायला माझ्याकडे दिलंय, म्हणून चोरून लिहितेय. मतदानाच्या दिवशी त्या पुठ्ठ्याच्या आडोशात मी पेन्सिल हातात घेतली. लग्न झाल्यापासून ज्या नावाला घरात बंदी, ते बघायला तिथे कुणी नव्हतं. बिशपच्या मांडीवर बेडूक उडाला तेव्हाच मला हा मुलगा आवडला होता गं, हेडमास्तर तर तो फार नंतर झाला. मी लिहिलं, ‘बेडक्या’. माझी खोली पहिलीच होती. माझंच मत ह्यांनी माझ्यासमोर बाद केलं! त्यांना एवढ्यात सांगू नकोस. तीन वर्षं जरा झुरू देत.

— लिओनोर