निळ्या थाळ्याचं खरं वय

तीर्थस्वरूप आत्यास,

लांबूनच, पण पुरेसं वाकून नमस्कार. इकडे सगळे ठणठणीत आहेत. तुझा गुडघा कसा आहे? (आतेभाऊ फोनवर म्हणाला, की गुडघा अजून वाकत नाही, पण डॉक्टरला मात्र तू वाकवलंस. म्हणजे एकूण तब्येत उत्तम आहे.)

पत्राचं कारण निळा थाळा. हो, तोच. पत्र बाजूला ठेवू नकोस. चार वर्षांपूर्वी जुनं सामान वाटून घेताना तू त्याला छापील म्हणालीस, बाबा म्हणाले की चाळीस वर्षं छापखान्यात काढलेल्या माणसाला छपाई शिकवू नकोस, आणि तेव्हापासून तुम्हा भावाबहिणीत शब्द नाही. मधल्या काळात थाळ्याचं वय मात्र बाबांच्या तोंडी वाढतच गेलं. आधी दोनशे वर्षं होतं, शेजाऱ्यांसमोर अडीचशे झालं, आणि माझे सासरे आले त्या दिवशी चारशे. पुरावा काय, तर चिनी मातीचा आहे म्हणजे चीनमधलाच असणार, आणि चित्रातल्या पुलावरून दोन माणसं छत्री धरून चालली आहेत. (छत्रीवरून वय कसं कळतं, असं मी विचारलं. उत्तराऐवजी मला चष्मा शोधायला पाठवण्यात आलं.)

शेवटी मीच म्हटलं, एकदा सोक्षमोक्ष लागू दे. वस्तुसंग्रहालयात जुन्या भांड्यांच्या तज्ज्ञ बाई दर बुधवारी लोकांच्या वस्तू बघून देतात. आम्ही बसने निघालो. थाळा बाबांच्या स्वेटरमध्ये गुंडाळून खिडकीशी, बाबा त्याच्या शेजारी अर्ध्या जागेवर, आणि मी उभी. कंडक्टरने गमतीत तिसरं तिकीट मागितलं, तर बाबांनी निमूट काढलं. (आपल्या बाबांनी, आत्या. ज्यांनी मला तेरा वर्षांची होईपर्यंत अर्ध्या तिकिटावर फिरवलं.)

बाईंनी थाळा हातात घेतला आणि सरळ उलटा केला. बाबांना ते फार लागलं. पाहुणा दारात आला की आपण आधी त्याचे तळवे बघतो का, असं ते माझ्या कानाशी पुटपुटले. पण बाईंचं म्हणणं असं, की चित्राची नक्कल कुणीही करतं, बूड सहसा खोटं बोलत नाही. बुडाला तीन बारीक टोचे होते, भट्टीत थाळा ज्या तीन खुंट्यांवर ठेवला होता त्यांचे. शिवाय कारखान्याचा शिक्का, जो आम्ही इतकी वर्षं डाग समजत होतो. (तो घालवण्यासाठी आईने सोडा, लिंबू आणि संसारातली वीस वर्षं खर्च केली आहेत.) मग त्यांनी बाबांच्या हातात भिंग दिलं आणि काठावरची वेल बघायला सांगितली. वेल गोल फिरून येते आणि एका जागी अर्धं फूल भलत्याच पानाला जाऊन चिकटतं. हाताने रंगवणारा शेवटची दोन फुलं ओढूनताणून का होईना, बसवतो. छापलेला कागद चिकटवणारा कात्री चालवतो आणि मोकळा होतो. तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरायचं, पातळ कागदावर निळ्या रंगात छापायचं, तो कागद भांड्यावर दाबून चित्र उतरवायचं आणि वर झिलई देऊन भाजायचं, अशी सगळी रीत. शिक्क्यावरून वय दीडशेच्या आसपास, आणि कारखाना चीनपासून अर्ध्या पृथ्वीवर. थोडक्यात, तू म्हणालीस तेच.

मला वाटलं, आता बाबांना धरून बाहेर न्यावं लागणार. पण ते भिंगातून डोकं वर काढेनात. पाच मिनिटांनी तोंड उघडलं ते हे सांगायला, की जोड केसभर तिरका आहे, चिकटवणारा घाईत असणार, पण कोरणारा मात्र उस्ताद, सावल्या सगळ्या ठिपक्यांच्या आहेत. मग त्यांनी बाईंना शाई, दाब आणि कागदाचा ओलावा यांवर पाऊण तास शिकवलं. बाईंनी लिहून घेतलं. आता घरी येईल त्याला चित्राआधी जोड दाखवला जातो. चाळीस वर्षं छपाईत राहून घरातली छपाई ओळखली नाही, असं काल ते आईला म्हणाले आणि स्वतःच हसले. तुझं नाव ओठांपर्यंत आलं होतं, मी पाहिलं. पण पाणी पिऊन गिळलं.

मला तुमचा हा अबोला अजिबात आवडत नाही, आत्या. आई म्हणते, लहानांनी मधे पडू नये. मी एकेचाळीस वर्षांची आहे.

तुझी भाची

ता. क. : पत्राचं खरं कारण वेगळंच आहे. याच संचातल्या सहा लहान बश्या तुझ्याकडे आहेत. त्यांचाही जोड असाच तिरका आहे का, म्हणजे काम एकाच हातचं का, हे बाबांना बघायचंय. त्यांनी मला लिहायला सांगितलेलं नाही. (फक्त तुझा पत्ता तोच आहे ना, असं तीनदा विचारलं.) नीट गुंडाळून पोस्टाने पाठवशील का?

आणखी एक ता. क. : पाकीट बंद करण्याआधी बाबांनी पत्र तपासायला मागून घेतलं. अकरा चुका काढल्या. खालचं अक्षर त्यांचं आहे.

बश्या पोस्टाने पाठवू नकोस. फुटतात. स्वतः घेऊन ये.
– दादा