कळपाकडे पाठ करून

आबा,

तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली आणि मी पहिल्यांदाच तुम्हाला लिहितोय. पाचवीनंतर शाळा सोडली, त्यामुळे अक्षर कोंबडीच्या पायाचं आहे, चालवून घ्या. मी अमेरिकेच्या पार वरच्या टोकाला आहे, अलास्कात. इथं जूनमध्येही नदीतून बर्फाच्या फळ्या वाहतात आणि सूर्य मावळायचं नाव घेत नाही. आधी इथल्याच खालच्या भागातल्या प्लेनो नावाच्या शहरात एका मराठी काकूंच्या हॉटेलात पोळ्या लाटत होतो. दोन वर्षांत कंटाळलो. माझं बूड कुठं टिकलंय. काकूंची लेक याच देशात जन्मलेली, रानातल्या जनावरांचा अभ्यास करते. माझ्याहून मोठी, म्हणून मी ताई म्हणतो. सुट्टीत घरी आल्या तेव्हा म्हणाल्या, "आमच्या कॅम्पचा कुक पळून गेला यार." मी म्हटलं, "मी येतो." काकू म्हणाल्या, "तिथं अस्वलं आहेत रे." म्हटलं, "असू देत की. गिऱ्हाइकांसारखी पोळी कच्ची आहे म्हणून ओरडत तर नाहीत."

ताईंचं काम म्हणजे मस्क ऑक्स नावाचं जनावर राखणं. बैलाएवढं अंग, केस जमिनीला घासणारे, कपाळावर शिंगांचा टोप. पण ताई सांगतात, हे बैल नव्हेत, शेळ्यामेंढ्यांच्या भावकीतले आहेत. ऐकून मला हसूच आलं, आबा. तुमची बकरी नकोत म्हणून घर सोडलं, आणि सातासमुद्रापार येऊन पुन्हा मेंढरांच्याच मागं. लांडगा आला की ही पळत नाहीत. पिल्लं मधे घालून, शिंगं बाहेर करून गोल कडं करतात. आमच्या कळपात एकोणीस होती, त्यांत पाच पिल्लं. या भागात एवढीच उरलेली. ताईंनी सहा वर्षं राबून एकेकाला ओळखून ठेवलंय.

परवा सकाळी वरच्या वळणावर बर्फ तुंबला आणि पाणी चढायला लागलं. कळप नेमका नदीतल्या गोट्यांच्या बेटावर. काठाला यायला एकच उथळ उतार राहिला होता, आणि तोही तासाभरात बुडणार. त्याच उतारानं मी आणि ताई उंच रबरी बूट घालून बेटावर गेलो. ताई म्हणाल्या, "पुश करू या त्यांना." मी म्हटलं, थांबा, धनगराचा पोरगा आहे मी. ओढा ओलांडताना तुम्ही कोकरू उचलून पुढं चालायचात, त्याची आई ओरडत मागं यायची आणि तिच्यामागं सगळी बकरी. तसं मी कडेचं एक पिल्लू उचललं. आबा, ती आई ओरडली नाही. सरळ आली. पिल्लू सोडून मी जो पळालो, तो बर्फाच्या पाण्यात तोंडावर पडलो.

"आर यू क्रेझी? ती मेंढी नाहीये," ताई म्हणाल्या.

"तुम्हीच म्हणालात, भावकी आहे." माझे दात वाजत होते.

झालं, कळपानं कडं केलं. शिंगं आमच्याकडं, मागून पाणी खुरांना लागलेलं, आणि एकही जागचं हलेना. ताईंनी रेडिओवर हेलिकॉप्टर मागवलं, वरून हाकलायला. आणि मला नीरेचा काठ दिसायला लागला. मी दहा वर्षांचा आहे, बकरी पाण्याला बिचकून गोळा झालीत, मी काठी आपटतोय, आणि तुम्ही माझी मानगूट धरून बाजूला ओढता. "तूच वाटंत हुबा हायस, येड्या. त्यास्नी पाण्याचं भ्या न्हाय, तुझं हाय." मग लांब जाऊन तुम्ही घोंगडी टाकता आणि कळपाकडं पाठ करून तंबाखू मळत बसता, जशी काही बकरी आपली नव्हेतच.

"ताई, हेलिकॉप्टर कॅन्सल करा."

"व्हॉट?"

"आवाज आला की कडं घट्ट होईल. आणि आपण उभे कुठं आहोत? त्यांच्या दारात."

"माझी सहा वर्षं आहेत त्या रिंगमध्ये. आणि तू कुक आहेस."

"कुक म्हणूनच सांगतोय. भात सारखा ढवळला की गिचका होतो."

ताईंनी माझ्याकडं बघितलं, पाण्याकडं बघितलं, आणि रेडिओवर म्हणाल्या, "कॅन्सल. येस, कॅन्सल इट."

आम्ही काठावर परत आलो तेव्हा उतारावर पाणी मांडीला लागत होतं. दोनशे पावलं खाली जाऊन एका उंचवट्याआड कळपाकडं पाठ करून बसलो. ताई सारख्या मान वळवायच्या. "बघू नका." "मी सायंटिस्ट आहे, बघणं माझा जॉब आहे." "आज सुट्टी." त्या हसल्या, पण माझं मनगट असं धरलेलं की अजून वळ आहे. खरं सांगू, बुडाली असती तर ती माझ्या शब्दावर बुडाली असती.

मग एक फुसकारा आला, आणि पाण्याचा छपछप आवाज. वळलो. म्हातारी मादी पुढं, थोराड नर वरच्या अंगाला भिंतीसारखे, पिल्लं त्यांच्या आडोशानं. काकूंनी शिकवलेल्या मराठीतून ताई मोजत होत्या, पंधरावर अडकल्या आणि पुढचे इंग्रजीत मोजले. अठराच. शेवटचं पिल्लू धारेला लागलं होतं. ते वाहत आमच्याच खाली काठाला लागलं, उभं राहिलं, अंग झाडून आम्हा दोघांना भिजवलं आणि आईकडं पळालं. जेवायच्या वेळेला ते बेट पाण्यावर दिसतही नव्हतं.

कॅम्पवर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ताईंनी विचारलं, "हे तुला कुणी शिकवलं?" मी म्हटलं, "असंच सुचलं." तुमचं नाव ओठांवर आलं होतं, आबा, ते चहाबरोबर गिळलं. आता ताईंनी अभ्यासाच्या वहीत ही पद्धत लिहून काढलीय आणि खाली माझं नाव घातलंय. हे पत्र तर कुठं टाकता येणार नाही, पिठाच्या डब्यामागं ठेवतो. ताईंना खरं सांगणार आहे. उद्या नाही, परवा. चांगल्या कामापुढं माझं नाव कुणी कधी लिहिलं नव्हतं. अजून एक दिवस ते तिथं राहू द्या.