तीन सुरांची हाक

प्रिय आई,

दर रविवारी फोनवर तू एकच विचारतेस, “जमलं का गं बाबांसारखं वाजवायला?” आणि मी “शिकतेय अजून” म्हणून विषय बदलते. खरं सांगू? या प्रश्नाचं उत्तर मला देता येत नाही. एकदा जमलं होतं, तरी ‘हो’ म्हणवत नाही. म्हणून लिहायला बसले.

ह्यूस्टनच्या तुझ्या स्वयंपाकघरात तू बाबांच्या वाजवण्याची ती कॅसेट माझ्या हातात दिलीस, रुमालात गुंडाळलेली. पुरात आपलं न्यू ऑर्लीन्सचं घर गेलं, फोटो गेले. ट्रंबोन आणि ही कॅसेट तेवढी बाबांनी डोक्यावर धरून वाचवली. ते गेल्यावर तू म्हणालीस, “एवढाच उरलाय त्यांचा आवाज. तू न्यू ऑर्लीन्सला परत जातेयस, तर शिकून घे. मला पुन्हा एकदा ऐकायचंय त्यांना.” आणि मी पडले घरातली पहिली पदवीधर, अभ्यास करणं तेवढं मला येतं. शाळेत शिकवून आले की कॅसेट लावायची, थांबवायची, पेन्सिलीनं सूर वहीत उतरवायचे. बाबांची ती दोन आवर्तनं मी आठ महिने घोकली, मध्येच घेतलेल्या श्वासासकट.

मार्चच्या मिरवणुकीत ओविदकाकांनी मला पहिल्यांदा बँडमध्ये उभं केलं. एकटीनं वाजवायची जागा मिळताच मी सगळं जसंच्या तसं वाजवलं. लोक बाबांच्या नावानं “एमिल! एमिल!” ओरडले, दोन म्हातारे रडले. मला वाटलं, जिंकले. काका खांद्यावरचा भलामोठा पितळी ट्यूबा उतरवत म्हणाले, “छान. चाळीस वर्षं वाजवलं मी त्याच्या शेजारी, आज पुन्हा भेटला. पण पोरी, तू कुठे होतीस? मी तर तुला बोलावलं होतं.” मग माझी वही चाळून हसले, “काय बाई, परीक्षा आहे का? एमिलनं हे एका दुपारी वाजवलं आणि दुसऱ्या दिवशी विसरला. पुढच्या वेळीही हेच वाजवायचं असेल तर घरी बस. मी सरळ टेपच लावतो.”

त्या सोमवारी गेले त्यांच्याकडे. शेगडीवर राजमा रटरटत होता. त्यांनी मला फक्त तीन सूर दिले. “एवढ्यातच बोल काहीतरी.” मी तासभर नुसती चढउतार केली. शेवटी कंटाळून काका राजमा ढवळत म्हणाले, “अगं, तुझी आई गल्लीच्या टोकापर्यंत हाक मारायची ना तुला? ती तरी वाजव!”

वाजवली. ओदेऽऽत! वरचे दोन सूर, मग घसरत खाली. दुसऱ्यांदा जरा रागानं. तिसऱ्यांदा अर्धीच, तू दारातून आत वळताना मारायचीस तशी. आई, ट्रंबोनची नळी सरकते ना, तसाच तुझा आवाज घसरायचा. इतकी वर्षं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. काकांची पळी हातातच राहिली.

गेल्या रविवारी मिरवणूक नेमकी आपल्या जुन्या कोपऱ्यावर अडली, कुणाची तरी गाडी आडवी लागली होती. ढोलवाले थांबेनात. काकांनी माझ्याकडे बघून मानेनंच खूण केली, वाजव. दोनाची चार आवर्तनं झाली, चाराची सहा. वहीतलं असतं तर केव्हाच संपलं असतं. मी तुझी हाक घेतली, उलटी केली, लांबवली. एकदा साफ चुकले, तर ढोलवाल्यानं ती चूकच उचलून परत माझ्याकडे फेकली. तेवढ्यात ओट्यावरून आपल्या जुन्या शेजारीण क्लोतीलमावशी ओरडल्या, नव्वदी गाठलीय, डोळ्यांनी दिसत नाही: “अगं ए कार्टे, आई बोलावतेय ना? जा की घरी! भात गार होतोय!” अख्खी मिरवणूक हसली. रडू आलं की फुंकता येत नाही, म्हणून मी स्वतःला कसंबसं आवरलं.

आई, माझ्याकडून तुला बाबा पुन्हा ऐकू येणार नाहीत. फोनवर हे सांगायचा धीर होत नव्हता. तू आशेनं विचारतेस आणि मला वाटतं, ‘नाही’ म्हटलं की त्यांना तुझ्यापासून दुसऱ्यांदा नेल्यासारखं होईल. पण तो आवाज माझ्या वहीत नाही, तुझ्या त्या कॅसेटमध्येच आहे, आणि ती इतके महिने मी माझ्याकडे अडकवून ठेवली. आज सकाळी तुझ्याच रुमालात गुंडाळून टपालात टाकली. हे पत्र तिच्यावरच बांधलं असतं, पण तेव्हा लिहून झालं नव्हतं.

तुझीच,
ओदेत