माझ्या हाताचा गुण

११ मे १९८१, लाखनी
आज चंद्रकलाने मामांच्या मेडिकलमध्ये काळा चष्मा काढला आणि तेव्हापासून मी माणसात राहिलो नाही. डोळे टमाटरासारखे लाल. तरी काय डोळे! साथ गावभर. लोक म्हणतात, नुसतं पाहिलं तरी लागण होते. मी पोटभर पाहिलं. बी.एस्सी. अर्धी सोडली म्हणून काय झालं, सायन्स कळतं.
मामा तिला म्हणाले, व्हायरस आहे, औषध टाका की नका टाकू, आठवड्यात उतरते. दुकानदारानं असं बोलावं? मग दुकान कायले उघडलं, असं मी भडकून विचारलं. मामांनी हातात झाडू दिला.

१२ मे
ठरलं. तिला मीच बरी करणार. सगळ्यात महाग ड्रॉप्स बाजूला काढले.
संध्याकाळी तिची आई, शकुनबाई, आल्या. रविवारी साकोलीचा मुलगा पाहायला येतो म्हणे. तोवर पोरीचे डोळे साफ पाहिजेत.
ड्रॉप्स परत कपाटात. बाटलीत गुलाबजल भरून दिलं. हे कपट नाही. लाल डोळे पाहून तो पळेल, मग मी अस्सल औषध घेऊन जाईन. याला प्लॅनिंग म्हणतात.

१४ मे
माझेच डोळे आले. योगायोग. काळा चष्मा आणि महाग ड्रॉप्स सुरू.

१५ मे
डबल डोस. आग आग. पापण्या उघडत नाहीत, म्हणजे औषध लागू पडून राहिलं.
मामा म्हणाले, "इतकं कायले ओतून राहिला बे? डोळा हाय, पाणी भरायले धानाची बांधी नाही."
मामांशी बोलणं बंद.

१६ मे
चंद्रकला रस्त्यानं गेली. चष्मा नाही, डोळे काचेसारखे. गुलाबजलात कंपनीनं काहीतरी भेसळ केली असणार.
आता भिस्त एकच, मुलगा नाकीडोळी वाईट निघावा आणि तिनंच नको म्हणावं.

१७ मे, रविवार
शकुनबाई पेढे घेऊन आल्या. मुलाचेही डोळे आलेले. काळ्या चष्म्यातूनच पाहिलं, पसंत केलं.
"बेटा, तुह्या हाताले गुण हाय. जावयाले बी तेच औषध दे."
मी महाग ड्रॉप्स उचलले. भोगू दे साल्याला.
तेवढ्यात पायरीवर चंद्रकला दिसली. ही शेवटची संधी. मी चष्मा काढला आणि तिच्याकडे पाहिलं.
तिनं झटकन पदरानं तोंड झाकलं. "माय, चाल लवकर. याचे डोळे आले."
ड्रॉप्स ठेवून दिले. तेच औषध म्हणजे तेच. गुलाबजल भरून दिलं, दिवसातून दोनदा टाका म्हटलं.
मामा पेढा खात होते. दुसराही उचलला.
चष्मा चढवला, बाहेर पडलो आणि दुकानाचं दार ओढून घेतलं.