पिशाच्चाचा भांग कोण पाडतो?

मी, खाली सही करणारा, कवळ्या बनवणारा म्हातारा, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाखाली न येता, स्वखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. शिक्षण सातवीपर्यंत, तेही परीक्षेआधी सोडलेले. कायद्याचा शब्द चुकला तर अर्थ घ्यावा. प्रकृती ठीक आहे. सकाळी छातीत कळ आली होती, पण तो गॅस असावा. असावाच.

१. राहते घर आणि बँकेतली शिल्लक मुलाला. त्याने सुनेला विचारल्याशिवाय काही करू नये. घरातली अक्कल तिच्याकडे आहे. दाराची कडी रोज दोनदा बघावी.

२. दुकानातले साचे, मेण आणि घासायचे यंत्र धाकट्या बहिणीला. ती माझ्यापेक्षा चांगली कवळी बसवते. हे तिला तोंडावर कधी म्हटले नाही, आताही म्हणत नाही, फक्त लिहितो आहे.

३. मी मेलो याची नीट खात्री करावी. डॉक्टरवर विसंबू नये, तो मोबाईल बघत नाडी धरतो. नाकासमोर आरसा धरावा. वाफ आली तर जिवंत समजावे. आरशात मीच दिसलो नाही, तर आरसा टाकून सगळ्यांनी पळावे.

४. शेवटच्या वेळी तोंडात रोजची कवळी घालू नये. कपाटातल्या निळ्या डब्यात लांब सुळ्यांची कवळी आहे, माझ्याच हिरड्यांच्या मापाची. ती घालावी. बहीण नको म्हणेल. तिचे ऐकू नये.

५. आता खरी काळजी. वरच्या खोलीत दर शनिवारी संध्याकाळी आम्ही भुताखेतांचे सिनेमे बघणारे जमतो. माझ्यामागे मुलगा ती खोली भाड्याने देईल आणि बैठक मोडेल, या धास्तीने माझे जेवण कमी झाले आहे. तो म्हणतो, "बाबा, चार म्हातारी माणसं आणि एक पडदा, त्याला अख्खी खोली कशाला?" म्हणून ती खोली, पडदा आणि प्रोजेक्टर मी बैठकीतल्या जुन्या गड्याला, न्हाव्याला देतो.

त्याच्याशी मी वर्षभर बोललेलो नाही, तेव्हा कारण सांगणे भाग आहे. आमच्याकडे जो तो आपली खुर्ची घरून आणतो आणि ती तिथेच राहते. खुर्ची उचलली म्हणजे माणूस गेला. वाद होता व्हॅम्पायरचा सगळ्यात भारी सिनेमा कोणता याचा. माझा काळापांढरा: त्यातले पिशाच्च म्हणजे खोल्या भाड्याने देणारी म्हातारी. भाडेकरू झोपला की कुलपात हळूच किल्ली फिरते. बस, तेवढाच आवाज. त्याचा रंगीत: झग्यातला देखणा जवान, वादळातही केस जागचे हलत नाहीत.

मी म्हणालो, "सुळे कुठे बसवलेत बघ! तोंड मिटलं की स्वतःचाच ओठ चावेल."

"तुला सिनेमात दातच दिसतात."

"आणि तुला केस! अरे, जो आरशात दिसत नाही, त्याचा भांग इतका सरळ पाडतो कोण?"

"न्हावी ठेवला असेल त्यानं! सगळेच तुझ्यासारखे चिंगूस नसतात. आणि तुझी म्हातारी काय, रक्त पिते की भाडं वसूल करते?"

"निदान तिच्या सिनेमात तू डोळे उघडे ठेवतोस. तुझा लाडका मान चावायला लागला की टॉवेलात तोंड खुपसतोस."

सगळे हसले. त्याने खुर्ची उचलली आणि जिन्यावर आपटत खाली नेली. पहिल्या रांगेतली ती जागा अजून रिकामी आहे. तिथे कोणी बसायला लागले की मी खोकतो.

तरी खोली त्यालाच. कारण बाकीचे सगळे माझ्या मताचे आहेत. नुसते हो म्हणणारे उरले तर महिनाभरात पत्ते कुटत बसतील. अट एकच: त्याने खुर्ची परत आणावी.

६. एवढे लिहून झाल्यावर साक्षीला औषधवाल्या बाईंना बोलावले. त्यांनी दुसरा साक्षीदार म्हणून न्हाव्यालाच ओढत आणले. त्याने कलम पाच वाचले आणि उठून गेला. मला वाटले, संपले. थोड्या वेळाने जिन्यावर आपटल्याचा आवाज आला. खुर्ची वर येत होती.

बाई म्हणाल्या, "थांबा हं. ज्याला काही मिळतं त्यानं साक्षीदार व्हायचं नसतं. सही केलीत तर खोली गेली तुमची."

मी पेन मागे ओढले. न्हावी म्हणाला, "पेन द्या इकडं. मालक झालो की भाडं मागावंसं वाटेल, आणि हा वरून ओरडेल, बघ, शेवटी म्हातारीच जिंकली!"

म्हणून ती खोली, पडदा आणि प्रोजेक्टर आता सुनेला. तिला विचारले. म्हणाली, "शनिवार चालू राहील, बाबा. पण माझी खुर्ची पुढं हवी." ती रंगीतवाली आहे, हे मला आजच कळले.

सही: कवळीवाला (अंगठाही उठवला आहे, असू द्यावा)
साक्षीदार पहिल्या: औषधवाल्या बाई
साक्षीदार दुसरा: न्हावी. सहीखाली त्याने "भांगाबद्दलचे मत कायम" असे लिहिले आहे. ते खोडू नये.
ठिकाण: वरची खोली
दिनांक: आजचा, शनिवार, सिनेमा लावण्याआधी

ता. क. आज सिनेमा त्याचा लावायचा ठरला आहे. एवढी एकच गोष्ट मी दडपणाखाली मान्य केली आहे.